गाडी पुढच्या गावाला निघण्याआधी : सुवार्ता मोहिमेच्या नियोजकांना खुले पत्र

प्रति,
पास्टोरेट कमिटीचे सभासद, वडीलजन आणि यंदाच्या सुवार्ता मोहिमेत निघणारे तरुण बंधुभगिनी,

सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी भक्तीनंतर मोहिमेचा जो तक्ता वाचून दाखवला, त्याची झेरॉक्स मी मागून घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केल्यामुळे तक्ते वाचायची सवय जात नाही. गावाचे नाव, तारीख, वाटलेली पत्रके, वाटलेले नवे करार, प्रार्थना केलेले आजारी आणि शेवटी ‘निर्णय घेतलेले’, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारतो म्हणणारे. दिवसाला दोन गावे, मधे जेवणाची सुट्टी. गाडी, डिझेल, स्पीकरचे भाडे, सगळे नीट मांडले आहे. लोकांनी काय विचारले, याला मात्र रकाना नाही. आपण गावात जातो, बोलतो आणि निघतो. ऐकणाऱ्याला तोंड उघडायला वेळ मिळत नाही, आणि उघडलेच तर आपल्याकडे थांबायला वेळ नसतो. हे पत्र त्यासाठी आहे.

सुवार्ता सांगूच नका, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. तसे म्हणणारे आपल्या मंडळीत आहेत आणि त्यांचे कारण मला कळते. घरातल्या प्रार्थनासभेच्या दारात घोषणा देत जमाव येतो, पिशवीत नवे करार सापडले म्हणून पोरांना संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवतात, हे आता ऐकीव राहिलेले नाही. त्यामुळे मंडळीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आपण बरे, आपली रविवारची भक्ती बरी. दुसरा म्हणतो, स्पीकरचा आवाज वाढवा, छळ होतो म्हणजे आपण बरोबर आहोत. मला दोन्ही पटत नाही. माझ्या पणजीला मिशनच्या बायबल बाईने, घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या बाईने, ओसरीवर बसून अक्षरे शिकवली नसती तर आज मी हे पत्र लिहायला नसते. पण ती बायबल बाई एकाच ओसरीवर पुन्हा पुन्हा येत होती, हेही घरात तितक्याच ठामपणे सांगितले जायचे.

मागे एका मोहिमेत मी तुमच्याबरोबर होते. पीक निघालेल्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. दिवस कलायला आला होता आणि एक म्हातारा मेंढरांभोवती रात्रीची जाळी लावत होता. आपल्या एका गुणी मुलाने त्याला लूकच्या पंधराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. शंभर मेंढरांतले एक हरवते आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो. पोराने छान सांगितली. म्हाताऱ्याने हातातली खुंटी ठोकून घेतली आणि विचारले, “आन् ती नव्व्यान्नव कुनाच्या भरवशावर सोडली? लांडगा त्यांच्यात शिरंल की.” पोरगा हसला, त्याच्या हातात पत्रक ठेवले आणि म्हणाला, “वाचा बाबा, सगळं यात आहे.” तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. तक्त्यात नोंद झाली : पत्रक १, निर्णय ०.

लूकचा अध्याय पुन्हा काढून बघा. ती गोष्ट सुरूच प्रश्नाने होते. तुमच्यामध्ये असा कोण मनुष्य आहे, की जो शंभरांतले एक हरवले असता नव्व्याण्णव सोडून त्याच्यामागे जाणार नाही? आपण हा प्रश्न वर्षानुवर्षे पुलपिटवरून वाचतो आणि उत्तर आपोआप ‘सगळेच जातील’ असे धरून चालतो. ज्याने आयुष्यभर मेंढरे राखली त्याने खरे उत्तर दिले : शहाणा माणूस जाणार नाही, हिशेबात बसत नाही. प्रभूला नेमके हेच म्हणायचे होते असे मला वाटते. देवाची प्रीती आपल्या हिशेबात बसत नाही, हे त्या गोष्टीचे मर्म म्हातारा आपल्या हातात देत होता आणि आपण त्याला कागद देऊन निघालो. त्याला वाचता येत होते का, हेही कोणी विचारले नाही.

पत्रकांविषयी फार लिहीत नाही. आठवडी बाजारात भेळवाल्याने आपल्याच पत्रकांचे पुडके सुतळीत ओवून टांगले होते आणि त्यावर भेळ बांधून देत होता. ‘तू पापी आहेस’ हे वाक्य चिंचेच्या पाण्यात विरघळताना मी पाहिले आहे. राग भेळवाल्याचा आला नाही. त्या कागदावर नरकाच्या ज्वाळा होत्या आणि मराठी अशी, की ती कुठल्याच गावात कोणी बोलत नाही. आपल्याकडे ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली इतकी देखणी मराठी पडून असताना हा कागद कोण छापतो, कमिटीने जरा चौकशी करावी.

त्याच बाजारात माईकवरून ‘दगडाचे देव’ हा शब्द गेला. समोर हार-फुले विकणारी बाई बसली होती. तिने पाटी उचलली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. काही बोलली नाही. पौल अथेन्सला मूर्ती बघून मनातून संतापला होता, असे नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक स्पष्ट सांगते. पण बोलायला उभा राहिल्यावर त्याने सुरुवात केली ती त्यांच्याच ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीपासून, आणि आधार घेतला त्यांच्याच कवींचा. आपल्याला तर अथेन्सपर्यंत जायची गरज नाही. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, हे ते स्वतः आयुष्यभर सांगत राहिले. कमिटीतल्या किती जणांना तुकोबांचे दहा अभंग पाठ आहेत? मला सात येतात, म्हणजे मीही काही फार मोठी नाही.

टिळकांचीच गोष्ट घ्या, कारण आपण ती डिसेंबरात संडे स्कूलच्या नाटकापुरती वापरतो आणि तिच्यातले कामाचे सोडून देतो. १८९३ साली टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने आधी गप्पा मारल्या त्या संस्कृत काव्यावर. समोरचा माणूस कवी आहे हे ओळखून त्याच्या आवडीच्या विषयावर त्याला बोलू दिले. मग नवा करार हातात दिला. टिळकांनी तो वाचायचे कबूल केले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. पुढच्या शंका पत्रांतून विचारल्या, उत्तरे आली, पुन्हा शंका विचारल्या. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. म्हणजे मधे दोन वर्षे गेली. आपल्या तक्त्यात त्या रेल्वेच्या डब्याची नोंद कशी झाली असती? नवा करार १, निर्णय ०.

आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही धावत मागे गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षे त्या रडल्या, भांडल्या, सोवळे-ओवळे सोडायला तयार नव्हत्या, आणि शेवटी स्वतःच्या डोक्याने विचार करून आल्या. टिळकांनी घाई केली असती तर आपल्याला एक नाव मिळाले असते, लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

आता जरा अवघड विषयाकडे येते. यंदा काही गावांत धान्याचे किट वाटायचे ठरले आहे आणि प्रत्येक किटमध्ये पत्रक घालायचे आहे. माझा याला विरोध आहे आणि तो नोंदवून घ्यावा. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून आपल्या पाठीला चिकटला आहे. माणसाला माणूस म्हणून वागवणारी जागा त्यांना दिसली म्हणून ते आले, हे आपल्याला माहीत आहे. तरी टोमणा मारणाऱ्याच्या हातात आपणच पुन्हा तांदळाची पिशवी का द्यायची? भुकेल्याला धान्य द्या. पिशवीत धान्यच असू दे.

यावर कोणी पंडिता रमाबाईंचा दाखला देईल, म्हणून तोही घेते. विधवा मुलींसाठीचे त्यांचे शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्याला आले. कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असा शब्द रमाबाईंनी दिला होता. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार राजीनामा देऊन बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना रानडे-भांडारकर खलनायक होतात. ते मला पटत नाही. स्वतःच्या घरात दार उघडे ठेवून प्रार्थना करायचा रमाबाईंचा हक्क मी मानते. दार लावून घेतले असते तर ती लबाडी झाली असती. पण ज्या मुलीचे जेवण, कपडा, छप्पर सगळे तुमच्या हातात आहे, तिची ‘हो’ ही किती मोकळी, हा प्रश्न काही वाईट हेतूने विचारलेला नव्हता. आपल्या वसतिगृहातल्या मुलांच्या बाबतीत तो आजही विचारावा लागतो, आणि बाहेरच्यांनी विचारण्याआधी आपण विचारलेला बरा.

आजारी माणसांच्या रकान्याबद्दल थोडेच. प्रार्थना करा, हात ठेवा, मीही करते. पण ‘औषध सोडा, विश्वास धरा’ असे कोणी बोलले तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवा. साखरेची इंजेक्शने बंद करून बसलेली एक बाई मला माहीत आहे आणि तिचे पुढे काय झाले ते लिहिण्यासारखे नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हणून जपा, असे मी म्हणत नाही, मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९०च्या दशकात मिशनचा दवाखाना उभा केला तो सुई, चाकू आणि टाके घेऊन, आणि प्रार्थनाही करून, ती आपली परंपरा आहे म्हणून म्हणते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या तरुणांना कोणीतरी समजावून सांगा. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. न्यायालयाने म्हटले, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे म्हणजे प्रसार, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर आपल्याकडे कायम हळहळ होते. त्याचा आधार घेऊन ठिकठिकाणी कसे कायदे झाले आणि ते कोणाविरुद्ध वापरले जातात, हे मला दिसते आणि त्याची भीतीही वाटते. पण त्यातले पहिले वाक्य आपल्या धर्मशिक्षणापेक्षा वेगळे आहे का? कोणाचे मन फिरवणे हे पवित्र आत्म्याचे काम, आपले काम साक्ष देण्याचे, असे आपण दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होणाऱ्या मुलांच्या, वर्गात शिकवतो आणि मोहिमेच्या तक्त्यात नेमका तोच आकडा मागतो. सुवार्तिकाला पगारवाढ, गाडी, पुढच्या वर्षाची देणगी या आकड्यावर ठरते. मग बिचारा आकडा भरतो. ‘हात वर केले’ ते सगळे निर्णय. शाळेत हजेरीपटावर खोटी पोरे दाखवणारे मास्तर मी पाहिलेत, त्यामुळे हे कसे होते ते मला सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचे. माझा एक जुना विद्यार्थी, मातंग समाजातला, पोलीस भरतीची तयारी करतो. आपल्या सभांना वर्षभर येत होता, नवा करार सगळा वाचला होता. एका सभेनंतर त्याने मला बाजूला घेऊन विचारले, “बाई, बाप्तिस्मा घेतला तर माझ्या दाखल्याचं काय?” मी त्याला म्हटले, आपल्या सुवार्तिकांना विचारू. एकाने सांगितले, “प्रभू पुरवील.” दुसऱ्याने हळूच सांगितले, “कागदावर कशाला दाखवायचं? नाव आहे तेच राहू दे.” पोरगा दोघांकडे बघत राहिला. मग पुढच्या सभेला आला नाही.

त्याचा प्रश्न साधा आणि न्याय्य होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे त्या मुलाला बाप्तिस्मा हवा असेल तर सवलत सोडावी लागते, आणि जात मात्र सुटत नाही. गावात पाणी भरताना कोणी त्याचा बाप्तिस्मा बघत नाही. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध आपले लोक कितीतरी वर्षे कोर्टात आणि रस्त्यावर लढत आहेत, २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. पण अन्याय आहे म्हणून खोटे बोला, असे मंडळीला सांगता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला. ती चर्चला नियमित जात होती आणि नोकरीसाठी मात्र अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. असा खटला उद्या आपण ज्याला ‘कागदावर दाखवू नको’ म्हणालो त्याच्यावर आला, तर त्याच्या शेजारी कोण उभे राहणार? सल्ला देणारा सुवार्तिक तोपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

त्या मुलाला खरे सांगायला हवे होते, की बाबा, हे जाते, आणि आम्ही भरून देऊ शकत नाही. ज्याच्या घरात पहिलाच मुलगा बारावी झाला आहे त्याला हे सांगणे सोपे नाही. आणि एवढे सांगून त्याला घरी पाठवणेही बरोबर नाही. इथे टिळकांचे शेवटचे दिवस मला आठवतात. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि ते काम तिथेच थांबले. तेव्हाच्या बऱ्याच मिशनऱ्यांना ते रुचले नव्हते, आणि आपल्या कमिटीलाही रुचणार नाही याची मला कल्पना आहे. पण आपल्या भक्तीला मागच्या बाकावर बसणारी अशी माणसे आजही आहेत. गाणी पाठ, वचने पाठ. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून प्रभुभोजनाच्या, भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी उठून बाहेर जातात आणि चपला घालून पायरीवर थांबतात. सभासदांच्या यादीत ती नाहीत, म्हणून आजारपणात पाळक त्यांच्या घरी जात नाहीत. दरबार नको तर नको, पण त्यांच्या घरी जायला कोणाचा ठराव लागतो?

जाता जाता एक. आपण प्रोटेस्टंट लोक वसईच्या कॅथलिकांकडे फारसे बघत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबलचा मराठी अनुवाद केला, पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. तरी ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशी कितीतरी मराठी माणसे त्यांचे लेख वाचत, त्यांच्याशी वाद घालत. माणूस वाद घालतो तेव्हा तो ऐकत असतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, सौम्यतेने द्या, असे आहे. विचारपूस करणारा कोणी असेल, हे तिथे गृहीत धरले आहे. प्रेषितांच्या कृत्यांतला सुवार्तिक फिलिप्प तर शास्त्र वाचत चाललेल्या माणसाच्या रथाबरोबर धावला आणि त्याने काय केले? वाचता ते समजते का, एवढे विचारले. मग रथात चढून शेजारी बसला. विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे प्रभूने आधी पाणी मागितले.

तेव्हा यंदा गावे कमी करा. दिवसाला दोन गावांऐवजी एका गावात चार दिवस राहा, कोणाच्या तरी ओसरीवर, आणि पहिले दोन दिवस माईक गाडीतच राहू द्या. त्या गावची भाकरी खा. ‘निर्णय घेतलेले’ हा रकाना काढून टाका. त्या जागी लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. उत्तर आले नाही तर तसे लिहा, आणि पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन परत जा. किटमधले पत्रक काढा. देव्हाऱ्यांवर बोलणे बंद करा. दाखल्याचा प्रश्न कोणी विचारला तर काय सांगायचे, हे जाण्याआधी वकिलाला बसवून ठरवा आणि सगळ्यांनी तेच सांगा. मी नवा तक्ता आखून पत्रासोबत जोडला आहे. चार दिवस राहायला जाणाऱ्या पहिल्या तुकडीत माझे नाव घाला. गुडघे दुखतात, पण ओसरीवर बसायला गुडघे लागत नाहीत.

पुढच्या शनिवारच्या मीटिंगला मी येणार आहे. महिला मंडळाच्या आणखी काही जणी येतील, कारण गावात बायकांशी बोलायचे काम आमच्याकडे असते आणि तक्ता ठरवताना मात्र आम्हाला कोणी बोलावत नाही. या मीटिंगला चहा आम्ही करणार नाही, एवढे आधी कळवते.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद, निवृत्त शिक्षिका